हौदा पाच फुटी, कॅम्पर आठ फुटी

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझी गाड्यांच्या बॉड्या बांधायची शेड आहे. वडिलांच्या काळात आम्ही उसगावला खाणीच्या टिपरांचे हौदे, म्हणजे माल भरायचे मागचे उघडे भाग, बांधायचो. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेवढ्या काळात आम्ही लोखंड सोडून अ‍ॅल्युमिनियम आणि फायबरकडे वळलो. आता खाद्यपदार्थांच्या गाड्या बांधतो, होड्यांची टपं बांधतो आणि अधूनमधून पिकअपच्या हौद्यात बसणारे कॅम्परही. कॅम्पर म्हणजे झोपायला, चहा-भात करायला पुरेल एवढी छोटी खोली. हौद्यात ठेवायची, पट्ट्यांनी आवळायची, प्रवास संपला की पायांवर उभी करून उतरवून ठेवायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी डिचोलीहून सर आणि बाई आले. दोघंही निवृत्त शिक्षक. सरांनी दुहेरी केबिनची डिझेल पिकअप घेतली होती आणि मागून एका भाड्याच्या टेम्पोत कॅम्पर येत होता, जुना, दुसऱ्या राज्यातून विकत घेतलेला. आषाढीला चोर्ला घाटातून बेळगावमार्गे पंढरपूरला जायचं, पुढे जमलं तर आणखी हिंडायचं, असा बेत. सरांनी खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. विकणाऱ्याने त्यावर वजन लिहून दिलं होतं, ३८० किलो.

“आज बसवून द्या, मेस्त. संध्याकाळी घरी नेतो.”

मी आधी टेप काढली. दुहेरी केबिनच्या पिकअपमध्ये माणसांना जास्त जागा मिळते, ती हौद्यातून काढलेली असते. सरांच्या गाडीचा हौदा आतून जेमतेम पाच फूट लांब. कॅम्परचा तळ आठ फूट. हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, काढून टाकला तरी तीन फूट खोली मागे लोंबकळणार. सर म्हणाले, लांबी तर दिसतेच आहे, मागचा भाग थोडा बाहेर राहील, त्यात काय मोठंसं. या जागी बहुतेकांची गल्लत होते, कारण लांबी डोळ्यांना दिसते आणि वजन दिसत नाही. मला काळजी वजनाची होती, आणि त्याहून जास्त ते वजन नेमकं कुठे बसतं त्याची.

म्हणून काहीही उतरवण्याआधी आम्ही जवळच्या वजनकाट्यावर गेलो. पिकअप टाकी भरून, सर आणि बाई आत बसलेले, अशी तोलली. २,३०० किलो. आरसीवर भरल्या गाडीची मर्यादा २,७५०. म्हणजे उरले ४५० किलो, आणि त्यातच कॅम्पर, पाणी, गॅस, बॅटरी, अंथरुणं, भांडी, कपडे, सगळं. मग नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली, १,२६०. मागची, १,०४०. हे दोन आकडे वेगळे घेतल्याशिवाय मी कुठल्याही पिकअपवर काही चढवत नाही. टेम्पोही भरलेला तोलला, शेडमध्ये कॅम्पर चेन ब्लॉकने उचलून घेतला आणि रिकामा टेम्पो पुन्हा काट्यावर पाठवला. फरक आला ५४० किलो.

सरांना पटेना. त्यांनी काटेवाल्याकडून चिठ्ठी पुन्हा छापून घेतली.

१६० किलो कुठून आले, ते शोधायला फार वेळ लागला नाही. विकणारे सांगतात ते बहुधा कोरडं वजन. त्यात गाद्या नसतात, उचलायचे चार पाय नसतात, बाजूची छत्री नसते, बॅटरी नसते. या कॅम्परमध्ये तर शिशाची मोठी इन्व्हर्टर बॅटरी बसवलेली होती, ती एकटीच पन्नास किलोंच्या पुढे. दुसरं कारण भिंतींत होतं. मी बोटांच्या पेरांनी बाहेरून ठोकत गेलो. मधल्या भागात टणक आवाज, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत बद्द. आतलं अस्तर सोडवलं तर प्लायवूड काळं पडलेलं, नखाने खरवडलं तर लगदा हातात. छताच्या सांध्यातून कित्येक पावसाळे पाणी झिरपलं होतं आणि प्लायने ते पिऊन ठेवलं होतं. आपल्याकडे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाकडी सांगाड्याचा जुना कॅम्पर घेणाऱ्याने कोपरे ठोकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. दाराजवळ, खिडकीखाली आणि छताच्या कडेला आधी बघावं.

कॅम्पर चेन ब्लॉकला टांगलेला होता तेव्हाच मी हुकापासून ओळंबा सोडला. टांगलेल्या वस्तूचा भारमध्य, म्हणजे तिचं सगळं वजन जिथे एकवटलेलं धरता येतं तो बिंदू, हुकाच्या बरोबर खाली येतो, त्यामुळे ओळंब्याची दोरी जिथून जाते तिथे बाजूच्या पत्र्यावर खडूने उभी रेघ मारली की काम झालं. रेघ आली पुढच्या भिंतीपासून १.१ मीटरवर. मग पिकअपच्या हौद्यावर मागच्या धुरीची, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आसाची, रेघ मारली. ती आली हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर. सरांना दोन्ही रेघा दाखवल्या. मध्ये साठ सेंटिमीटरचं अंतर, आणि भारमध्य धुरीच्या मागे.

आखूड हौद्याची खरी अडचण ही आहे. दुहेरी केबिनच्या गाडीत मागची धुरी हौद्याच्या मधोमध नसते, बरीच पुढे असते. हौद्याच्या बरोबर मध्यावर ठेवलेलं ओझंसुद्धा धुरीच्या मागेच पडतं. कॅम्परचा भारमध्य धुरीच्या किंचित पुढे यायला हवा. तसं नसेल तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागे दबून पुढून उचलली जाते. गणित साधं आहे, मी ते शेडच्या फळ्यावर केलं, आणि सरांनी शिक्षकाच्या सवयीने प्रत्येक पायरी तपासली. ५४० गुणिले ०.६, भागिले दोन धुरींमधलं ३.१ मीटर अंतर. उत्तर साधारण १०५. पुढच्या चाकांवरचं १०५ किलो वजन उचललं जाणार आणि मागच्या धुरीवर ५४० नाही, ६४५ किलो पडणार. एकूण वजन २,८४०, म्हणजे पाण्याचा एक थेंब न भरता मर्यादेच्या ९० किलो वर.

“पाटे वाढवले तर?” सरांनी विचारलं.

टिपरांच्या दिवसांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो ऐकला तरी मला अस्वस्थ वाटतं. जादा पाटा, म्हणजे स्प्रिंगची आणखी एक पट्टी, टाकला की गाडी मागे बसलेली दिसत नाही, एवढंच होतं. धुरी तीच, बेअरिंग तीच, ब्रेक तेच, कागदावरची मर्यादाही तीच. पुढून उचललेलं वजन पाट्याने परत येत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात आणि वळवायचं कामही त्यांचंच. चोर्ल्याच्या उतारावर, पावसात, धुक्यात, समोरून बस येत असताना हलकं झालेलं स्टिअरिंग हातात असणं काय असतं, ते मला कोणाच्याही बाबतीत घडायला नको आहे.

सर तरीही म्हणाले, एकदा ठेवून तर बघू. मी रस्त्यावर न्यायला साफ नकार दिला, पण शेडमध्ये ठेवून दाखवायला तयार झालो. पिकअपचे दिवे लावून समोरच्या भिंतीवर त्यांच्या उजेडाची वरची कड खडूने आखली. भाचा साखळी सोडत गेला, कॅम्पर हौद्यात टेकला, स्प्रिंगा करकरल्या. उजेडाची कड भिंतीवर चढत चढत पार छताच्या कैच्यांपर्यंत गेली. बाई पुढच्या चाकाजवळ उभ्या होत्या. त्यांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घातला, मग मागे जाऊन तिथे घातला. मागे हात जाईना.

“काढा ते,” बाई म्हणाल्या. “आत्ताच काढा.”

त्यानंतर दुपारचा सगळा वेळ, कसला कॅम्पर घ्यायचा, यावर गेला. मला या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लोक चित्रं बघून सुरुवात करतात, वेगळं स्नानगृह, टपावर एसी, चार बर्नरची शेगडी. मी त्यांना रात्री दोन वाजता तुम्ही काय करता, ते विचारतो. बाईंनी लगेच सांगितलं. गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं, शिडी चढणं शक्य नाही. आतापर्यंत हे कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. जुन्या कॅम्परमध्ये दोघांचाही बिछाना केबिनवरच्या माळ्यावर होता.

मी जमिनीवर खडूने पाच फूट लांब तळ आखला आणि हौद्याच्या कडांच्या वर भिंती बाहेर घेतल्या तर मिळणारी रुंदी त्याच्याभोवती आखली. चाकांच्या कमानींच्या मध्ये जागा अरुंद असते, पण कडांच्या वर गेलं की आतून साडेपाच फूट रुंदी मिळते. बाईंची उंची पाच फुटांच्याही आत. त्या आडव्या बैठकीवर पाय पूर्ण पसरून झोपू शकतात, जमिनीवरून थेट उठू शकतात. फळ्या टेकवून बैठकीची उंची त्यांच्या गुडघ्यांना मानवेल तशी तिथेच ठरवली. सर वर, केबिनवरच्या माळ्यावर. हा माळा आखूड हौद्याला दुहेरी उपयोगाचा आहे, झोपायची जागा मिळते आणि भारमध्यही पुढे ओढला जातो. त्याच कारणासाठी पाण्याची टाकी, बॅटरी आणि जड डबे पुढच्या भिंतीला चिकटून, खाली. मागच्या दाराजवळ फक्त हलक्या गोष्टी, चपला, छत्र्या, कपडे.

छत उचलायचं घ्यायचं ठरलं, कडेला ताडपत्रीच्या कापडाची भिंत असलेलं. प्रवासात ते खाली बसतं. वारा कमी लागतो आणि वाड्यांवरच्या खाली आलेल्या तारा, झावळ्या अडत नाहीत. पावसात कापड ओलं होतं, दमट वास येतो, तो त्रास मी लपवला नाही. सरांना कायमचं छत हवं होतं. त्याचं वजन, उंची आणि घाटातला झोल मांडून दाखवल्यावर ते गप्प बसले, पुरते पटले असं नाही. एसी काढून टाकला. वेगळं स्नानगृहही काढलं, त्याऐवजी बैठकीखाली सरकणारं पोर्टेबल टॉयलेट. लिथियमची १०० अँपिअर-तासाची बॅटरी घेतली, बारा-तेरा किलोंची. महाग पडते, पण इथे प्रत्येक किलोला किंमत आहे. पाणी चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलो. सरांची शंभर लिटरची मागणी मी मान्य केली नाही, कारण वाटेत पाणी भरता येतं. गॅसची पाच किलोंची टाकी, बाहेरून उघडणाऱ्या बंद कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून वाट खालूनच द्यावी लागते. शेगडी दाराबाहेर नेऊन समुद्रकिनारी स्वयंपाक थाटायचा नाही, हेही सांगितलं. गोव्यात पर्यटनस्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे.

कागदांचं मी आधीच बजावतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. म्हणून मी हौद्याला वेल्डिंग करत नाही, चासीला भोक पाडत नाही. कॅम्पर सुटा राहतो, चार कोपऱ्यांतून पट्ट्यांनी आवळलेला. तरी सरांना परिवहन खात्यात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून यायला सांगितलं, आणि उत्तर हातात येईपर्यंत काम सुरू केलं नाही. गाडी चालू असताना कॅम्परमध्ये कोणी बसायचं नाही, ही माझी अट आहे. तिच्यावर मी वाद घालू देत नाही.

जुना कॅम्पर वाया गेला नाही. सडलेलं प्लाय काढून, हलकी बॅटरी घालून आम्ही तो दुरुस्त केला आणि सरांनी तो फोंड्याच्या एका गिऱ्हाइकाला विकला. त्याची एकेरी केबिनची पिकअप आहे, हौदा नऊ फुटी, एक टनाहून जास्त ओझं वाहणारी. त्या गाडीवर तोच कॅम्पर धुरीच्या पुढे भार टाकून सरळ बसला.

सरांचा नवा कॅम्पर अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि मध्ये फोम असलेल्या फायबरच्या पाट्यांचा झाला. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या हवेत सांधा खाऊन जातो, म्हणून सगळे ३१६ दर्जाचे स्टेनलेस, खाली रबरी वायसर देऊन. काट्यावर तो २६५ किलो भरला. पाणी, गॅस, बॅटरी, गाद्या, भांडी धरून ३६०. गाडी पुन्हा दोन्ही धुरींवर तोलली, पुढचं वजन घटलं नव्हतं, थोडं वाढलंच होतं. उरलेले नव्वद किलो मी त्यांना कागदावर लिहून दिले आणि घरच्या काट्यावर प्रत्येक पिशवी तोलून त्यातून वजा करत जायला सांगितलं.

बाईंनी तो कागद स्वतःकडे घेतला आणि पहिल्याच ओळीत हार्मोनियम लिहिलं, बारा किलो. सरांनी ती घरी ठेवायचं सुचवून पाहिलं. मी पुढच्या भिंतीला, टाकीच्या शेजारी, तिच्या मापाचा कप्पा आणि दोन पट्टे बसवून दिले.