कोंबड्यांचा मार्गशीर्ष

आमच्या ओवळ्याच्या घरामागे खुराडं आहे, 11 कोंबड्या आणि एक कोंबडा. घोडबंदर रोडला राहून कोंबड्या पाळतो म्हटलं की ऑफिसात लोक हसतात, हसू देत. तर दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की अंडी कमी होतात आणि आजी म्हणते, "थंडी पडली, आता कोंबड्यांचा पण मार्गशीर्ष." पण आज्जे, ठाण्यात थंडी असते कुठे?

खरं कारण उजेड. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा आणि कोंबडीला नीट अंडी द्यायला 14 ते 16 तास उजेड लागतो. आणि गंमत म्हणजे हा उजेड ती फक्त डोळ्यांनी घेत नाही, तो कवटीतून आरपार थेट मेंदूपर्यंत जातो, आंधळ्या कोंबडीलासुद्धा दिवस मोठा झालेला कळतो. त्यात लालसर उजेड जास्त आत शिरतो म्हणून पांढऱ्यापेक्षा पिवळा बल्ब बरा.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला, 60 वॅटचा जुना बल्ब रात्रभर चालू ठेवला. 12 तासांचे महिन्याला 21-22 युनिट, वर कोंबड्यांना झोप नाही, एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. आई म्हणाली, "त्यांना तरी झोपू दे रे." मग 9 वॅटचा वॉर्म एलईडी लावला आणि टायमर, पहाटे 4 ते 7. महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही! दाण्याच्या भांड्यापाशी पेपर वाचता आला की उजेड पुरे, फक्त बल्ब पुसत राहायचा, खुराड्यातली धूळ भयंकर. पहाटेच का, तर संध्याकाळी दिवा फटकन बंद झाला की त्या दांडीवर चढायच्या आधीच अंधारात अडकतात. आणि 4 वर पण एकदम नाही यायचं, दर आठवड्याला अर्धा अर्धा तास वाढवत. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, मात्र हे लाड नकोत, अंग भरायच्या आत अंड्यावर आल्या की त्रास त्यांनाच.

फसलो टायमरमध्ये. तो चावीसारखा फिरवायचा स्वस्तातला घेतलेला, लाइट गेली की त्याचं घड्याळ पण थांबतं, आमच्याकडे लाइट जाते किती ते विचारू नका, आठवड्यात तो अडीच तास मागे, म्हणजे पहाटेचा दिवा उजाडता उजाडता लागायला लागला. माझ्या लक्षातच नाही. दिवस अचानक लहान झाला असं समजून चार कोंबड्यांनी पिसं झाडली आणि दोन महिने अंडी बंद. आता आत सेल असलेला डिजिटल टायमर आहे.

एकच लफडं राहिलंय, दिवा लागला की कोंबडा पण 4 ला बांग देतो. शेजारच्या टॉवरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आईने सहा अंडी दिली, तेव्हापासून त्या दर रविवारी येतात, तक्रार पण करतात आणि अंडी पण नेतात.