परदेशी मुलांबरोबर राहून नेतृत्व येतं का?

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते, म्हणून प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, ‘मॅडम, ते परदेशी मुलांबरोबरचे प्रोग्राम असतात ना, त्यातून नेतृत्वगुण येतात का हो? की नुसतंच सर्टिफिकेट?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

येतात, पण एकत्र काम केलं तर. फूड फेस्टिव्हलमध्ये एकमेकांचे पदार्थ खायचे, पारंपरिक कपड्यांत फोटो काढायचे, यात कुणाचं कुणावाचून अडत नाही. ते अडायला हवं. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीतली एएफएस ही जुनी संस्था मुळात पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची. शाळकरी मुलांची देवाणघेवाण त्यांनी सुरू केली दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये. आधी स्ट्रेचर, मग संस्कृती! मला हा क्रम फार पटतो.

शिवाय वेगळी माणसं भेटायला विमानातच बसावं लागतं असं थोडंच आहे? पुण्यात ती आपणहून आलेली आहेत. आमच्या एका गटात सदाशिव पेठेतली मुलगी होती, नांदेडहून येऊन कॉट बेसिसवर राहणारा मुलगा होता, एक मणिपूरचा आणि एक येमेनचा. विषय कचरा वर्गीकरणाचा. पहिल्या बैठकीत पेठेतल्या बाईसाहेबांनी पोस्टर स्पर्धा जाहीरही करून टाकली, अस्खलित मराठीत. दोघांना त्यातलं अक्षरही कळलेलं नाही, हे बैठक संपल्यावर लक्षात आलं. पुढच्या बैठका मग हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांत, दुप्पट वेळ खाऊन झाल्या.

पोस्टरं निकालात काढली ती ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या एका ताईंनी. ‘त्यापेक्षा वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून द्यायला सांगा. उघडं हातात येतं आमच्या.’

आता हे सोसायटीत घरोघरी सांगायचं कुणी? आजोबांनी दार उघडलं की आमच्या वक्त्या गप्प! शेवटी बोलला नांदेडचा मुलगा, ज्याचं ‘न’ आणि ‘ण’ ती आठवडाभर सुधारत होती. त्याने आपल्या मराठीत, न लाजता सांगितलं. ती शेजारी वही घेऊन उभी राहिली आणि कुठलं दार उघडलं नाही याची नोंद ठेवत गेली. तिच्यासारख्या मुलीला असं दुसऱ्या नंबरवर उभं राहणं किती जड जातं, ते पुण्याबाहेरच्यांना कळायचं नाही.

आमच्याकडे सात दिवसांच्या शिबिराचे फोटो भरपूर येतात. सेवा योजनेत दोन वर्षांत भरायचे कामाचे २४० तास मात्र कुणी फोटोत दाखवत नाही, आणि मुलं घडतात ती तिथे, तिसऱ्यांदा त्याच दारावर जाताना.

तेव्हा कुठल्याही प्रोग्रामची फी भरण्याआधी संयोजकांना विचारा, हे काम वस्तीतल्या कुणी मागितलंय का, आणि मुलं परत गेल्यावर ते कोण बघणार? शक्य झालं तर त्या वस्तीतल्याच कुणाशी फोनवर बोलून घ्या. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे राहू द्या आणि मुलीला आमच्याकडे नाव नोंदवायला पाठवा.