पिलाला हाडं कुठून येतात?

आमच्या वेळी शाळेत शुद्ध मराठी बोलायचा धाक असायचा, पण जीवशास्त्राच्या सरांच्या तासाला अहिराणी खुशाल चालायची. म्हणूनच नववीत एका मैत्रिणीने बेधडक विचारलं, "सर, अंडामा तं हाड नही, मंग पिलाले हाडं कथाईन येतस?" सरांनी प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि तो कुणी पुसायचा नाही, अशी ताकीद दिली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खुडूक कोंबडीखालचं चौथ्या दिवसाचं अंडं आणलं. ज्यांच्या घरी अंडं चालत नव्हतं त्यांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती. सगळेच पुढे आले. कोमट मिठाच्या पाण्यात अंडं हलकेच उघडलं तेव्हा लाल जाळं आणि धडधडणारा ठिपका दिसला. सरांनी भिंगातून गर्भाच्या कडेचे कोंब दाखवले, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. "इथे पाय होईल, इथे पंख. पण हाड अजून कुठेच नाही," ते म्हणाले.

आज मी वैद्यकीय महाविद्यालयात गर्भविज्ञान शिकवते आणि त्या कोंबापासूनच सुरुवात करते. त्यात आधी मेसेंकाइमच्या सुट्या, विखुरलेल्या पेशी असतात. पुढे ज्या जागी हाड व्हायचं तिथे त्या एकमेकींना खेटून दाटी करतात. या दाटीत सॉक्स-९ हे जनुक जोमाने काम करतं. त्याचं प्रथिन कूर्चेची, म्हणजे हाडाच्या जागी आधी तयार होणाऱ्या लवचिक ऊतीची, इतर जनुकं चालू करतं. मग पेशी टाइप-२ कोलॅजन हे तंतुमय प्रथिन आणि पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकॅन स्वतःभोवती सोडू लागतात. या दाट पदार्थामुळेच त्या पुन्हा एकमेकींपासून दुरावतात आणि ज्याच्या त्याच्या पोकळीत अडकतात. रक्तवाहिन्या आत येत नाहीत, पोषण झिरपत पोचतं. मोठेपणी गुडघ्यातली कूर्चा फाटली तर ती सहजी भरून येत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

चेहऱ्याची कूर्चा चेतापट्टीच्या कडेच्या पेशींतून, मणक्यांची पाठीलगतच्या खंडांतून आणि हातापायांची बाजूच्या थरातून येते. उगम वेगळे, तरी वाट हीच. माणसाच्या गर्भात सहाव्या आठवड्यात हातापायांत कूर्चेचा सांगाडा आकार घेऊ लागतो आणि आठव्याच्या सुमारास त्याचं हाड व्हायला लागतं.

सॉक्स-९चं महत्त्व मला पटलं ते कॅम्पोमेलिक डिस्प्लेसिया या जन्मजात आजारामुळे. या जनुकात बिघाड झाला की बाळ वाकलेल्या लांब हाडांनिशी जन्मतं, हे १९९४ साली उघड झालं. आमची तुकडी तेव्हा नुकतीच शाळेबाहेर पडली होती. एका जनुकावर एवढं अवलंबून असावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आजच्या नववीच्या मुलामुलींना एक सांगायचं आहे. तुमच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या अजून आहेत. तिथे पेशी वाढतात, फुगतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. सहा महिन्यांत गणवेश आखूड होतो तो त्यामुळे.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिथल्या प्रयोगशाळेसाठी मी एक बरणी पाठवली आहे. त्यात दहा दिवसांचा कोंबडीचा गर्भ अल्शियन ब्लूने रंगवून ग्लिसरीनमध्ये ठेवला आहे. मांस पारदर्शक, कूर्चा निळी. पायाची चारही बोटं मोजता येतात. बरणी उन्हात ठेवू नका आणि ती कपाटात कुलूपबंद करू नका, मुलांच्या हाती द्या.