स्मॉग, ईजीआर आणि माझी ८८ची टोयोटा

आपल्याकडे पीयूसी म्हणजे पंपाजवळच्या व्हॅनपाशी गाडी लावायची, सायलेन्सरमधे नळी घातली, कागद मिळाला, संपलं. इथे कॅलिफोर्नियात त्याला स्मॉग चेक म्हणतात, १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना साधारण दर दोन वर्षांनी लागतो. नव्या गाड्यांना पहिली आठेक वर्षं सूट असते, पण माझी टोयोटा पिकअप १९८८ची, त्यामुळे सूटबिट काही नाही.

गाडी इतक्या स्वस्तात मिळाली तेव्हाच शंका यायला हवी होती. खरं तर कायद्यानं स्मॉग चेक करून देणं हे विकणाऱ्याचं काम, पण तो म्हणाला तुम्हीच करून घ्या, पैसे कमी करतो, आणि मी लगेच हो म्हणलं. हौस, दुसरं काय.

स्मॉगवाल्यानं बॉनेट उघडलं आणि गाडी रोलरवर चढवायच्या आधीच मान हलवली. आधीच्या मालकानं गाडी "मॉडिफाय" केली होती म्हणजे काय, तर कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पुढे नेणारा भाग) काढून त्याजागी बाजारातला हेडर लावलेला, त्यावर कार्बचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण मंडळाचा, ईओ नंबर (मंजुरीचा नंबर) नाही. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप. ईजीआर (जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढून तिथे पत्र्याची प्लेट ठोकलेली, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर गायब, आणि उरलेल्या व्हॅक्यूम होजच्या (रबरी नळ्यांच्या) तोंडात चक्क स्क्रू पिळून बसवलेले! मला वाटलं धूर स्वच्छ आला की झालं, तर तसं नाहीये, बॉनेटखालच्या स्टिकरवर जे जे पार्ट लिहिलेत ते सगळे जागेवर दिसलेच पाहिजेत, नाहीतर रीडिंग कितीही चांगलं येऊ दे, फेल.

मग सुरू झाल्या जंकयार्डच्या वाऱ्या. पाना घेऊन आत जायचं, तुमच्याच मॉडेलची मेलेली गाडी शोधायची आणि हवं ते आपल्या हातानं खोलायचं. मॅनिफोल्ड, ईजीआर व्हॉल्व्ह, त्याचा मॉड्युलेटर, कॅनिस्टर असं सगळं दोन शनिवारात जमलं. कन्व्हर्टर मात्र जुना वापरलेला इथे चालतच नाही, नवाच लागतो आणि तोही कॅलिफोर्नियाला मान्य असलेला, जो बाहेरच्या राज्यात चालणाऱ्यापेक्षा कितीतरी महाग. बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

बसवताना एक स्टड (इंजिनात घट्ट बसवलेला बोल्ट) तुटला, त्यात एक अख्खा रविवार गेला, त्यावर जास्त बोलत नाही. खरी डोकेदुखी होजची. कुठला कुठे जातो हे स्टिकरवरच्या पुसट आकृतीत बघून एकेक जोडत गेलो.

सगळं जोडून झालं, शेजारचे रिटायर्ड मेकॅनिक आजोबा व्हॅक्यूमचा हातपंप घेऊन आले. इंजिन आयडलवर ठेवून ईजीआर व्हॉल्व्हला व्हॅक्यूम दिला तर इंजिन अडखळायला पाहिजे, कारण जळालेला गॅस परत आत जातो. आमचं ढिम्म. गॅस इंजिनात परत जायचा रस्ताच कार्बननं बुजलेला! तो खरवडून परत पंप मारला आणि इंजिन गचके खाऊन बंदच पडलं. बंद पडल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

हा ईजीआर म्हणजे नुसतं लोढणं असं मॉडिफायवाले म्हणतात, पण सिलिंडरमधे तापमान फार चढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड होतात, आणि जळालेला गॅस थोडा परत सोडला की ते तापमान खाली राहतं. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, हायड्रोकार्बन आणि वर ऊन, यातूनच लॉस एंजेलिसचा स्मॉग होतो हे हागेन-स्मिट नावाच्या कॅलटेकच्या केमिस्टनं १९५०च्या दशकात दाखवून दिलं. ही सगळी कटकट तिथूनच आली म्हणायची.

शेवटी टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ. बॉनेटखालच्या चेक कनेक्टरमधे वायर टाकून ५ डिग्रीवर आणलं, आणि परत त्याच दुकानात गेलो. त्यानं टॉर्च मारून एकेक पार्ट पाहिला, पेट्रोल टाकीच्या वाफेची लीक टेस्ट केली, मग रोलरवर ताशी १५ मैल आणि २५ मैल वेगानं पळवली. मी बाहेर उभा राहून नखं खात होतो. पास! त्या सर्टिफिकेटचे फक्त ८.२५ डॉलर, बाकी टेस्टचं बिल वेगळं.

हेडर अजून गॅरेजमधे पडलाय, कुणाला पाहिजे असेल तर सांगा, पण कॅलिफोर्नियाच्या बाहेरचे असाल तरच.