साथीला पियानो? छे, काहीतरीच!

लंडनला आल्यापासून एक नाद लागलाय, विगमोर हॉलची रविवार सकाळची मैफल. तासभराचा कार्यक्रम, मध्यंतर नाही, आणि तिकिटातच नंतरची कॉफी नाहीतर शेरी. (हो, जेवणाआधी शेरी, आणि सत्तरी ओलांडलेली मंडळी ती अगदी निष्ठेने घेतात.) हॉल तसा छोटाच, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या, १९०१ साली बेखस्टाइन या जर्मन पियानो कंपनीने आपल्या शोरूमला लागून बांधलेला, मग पहिल्या महायुद्धात जर्मन मालमत्ता म्हणून हातातून गेला, विकला गेला आणि १९१७ मध्ये नवीन नावाने परत उघडला. आवाज असा की मागच्या रांगेत बसलात तरी गज तारेवर टेकल्याचं कळतं.

तर यावेळी व्हायोलिन आणि पियानो, फक्त दोघं. बीथोवनचा क्रॉइत्झर सोनाटा आणि सेझार फ्रँक या रचनाकाराचा ए मेजरमधला सोनाटा (सोनाटा म्हणजे तीनचार भागांची वाद्यरचना), बास, दोनच गोष्टी. बाबांना फोनवर सांगितलं व्हायोलिन ऐकायला चाललेय, तर पहिला प्रश्न, "तबल्यावर कोण?" बाबा म्हणजे व्हायोलिनवादक डी. के. दातारांचे भक्त, व्हायोलिन म्हणजे त्यांच्या लेखी गाणंच. म्हटलं बाबा तबला नाही हो, पियानो आहे. "बरं बरं, म्हणजे साथीला पियानो."

आता बाबांशी वाद घालायचा नसतो हे मला चांगलं माहितीये, पण ते "साथीला" डोक्यात अडकून बसलं ते बसलंच, कारण इथले लोकही तेच करतात, पोस्टरवर व्हायोलिनवाल्याचा फोटो मोठा आणि पियानोवाल्याचं नाव खाली बारीक. आणि खरं म्हणजे गोष्ट सुरू झाली ती बरोबर उलटी. मोत्झार्ट आठ वर्षांचा असताना १७६४ मध्ये त्याचे पहिले सोनाटे पॅरिसला छापले गेले तेव्हा वर लिहिलेलं होतं की हे हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) आहेत, व्हायोलिनच्या साथीनेही वाजवता येतील. येतील! म्हणजे व्हायोलिनवाला आला तर आला, नाही आला तरी कोणाचं अडत नव्हतं. बीथोवनच्या पहिल्या तीन सोनाट्यांवरसुद्धा, ते १७९९ ला छापले, आधी पियानो आणि मग "एका व्हायोलिनसह".

क्रॉइत्झरपर्यंत येईतो दोघं बरोबरीला आलेले असतात, म्हणजे अक्षरशः एकमेकांच्या अंगावर धावून जातात. सुरुवात व्हायोलिन एकटंच करतं, दोनदोन तीनतीन तारा एकदम छेडत, चारच मापं (म्हणजे तालाचे छोटे हिस्से), छान उजेडातलं, आणि मग पियानो तीच गोष्ट उचलतो आणि दुसऱ्याच क्षणी ती अंधाराकडे वळवतो. तिथेच कळतं की हा साथ करायला बसलेला नाही, ह्याचं स्वतःचं मत आहे.

याचा पहिला कार्यक्रम कसा झाला ते मला फार आवडतं. २४ मे १८०३, व्हिएन्नातली आउगार्टन बाग, वेळ सकाळी आठ. (म्हणजे सकाळची मैफल ही काही विगमोरवाल्यांची आयडिया नव्हे.) पियानोवर स्वतः बीथोवन आणि व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटॉवर, पोलंडमध्ये जन्मलेला, वडील कॅरिबियन बेटांकडच्या कृष्णवर्णीय वंशाचे, पोरगा लहानपणापासून स्टेजवर, इंग्लंडच्या राजपुत्राच्या पदरी वाजवणारा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी नोटेशन तयारच नाही! शेवटचा भाग आधीच्या वर्षी दुसऱ्या एका सोनाट्यासाठी लिहून ठेवलेला तो इथे लावला, पण पहिल्या भागाची व्हायोलिनची प्रत करायला बीथोवनने आपल्या शिष्याला, रीसला, पहाटे साडेचारला उठवलं, आणि दुसरा भाग ब्रिजटॉवरने बीथोवनच्या त्या भयानक हस्ताक्षरातूनच वाचून वाजवला. वाजवताना त्याने एका जागी पियानोची एक धावती जागा आपल्या मनाने व्हायोलिनवर उचलून परत केली, आणि बीथोवन उठून त्याला मिठी मारतो, पुन्हा एकदा म्हणतो. आपल्याकडे अशा वेळी अख्खा हॉल "क्या बात है" म्हणतो, तिथे ते खुद्द रचनाकाराने म्हटलं.

पुढे दोघांचं बिनसलं, ब्रिजटॉवरच्या म्हणण्याप्रमाणे एका मुलीवरून, आणि अर्पणपत्रिकेवर नाव आलं पॅरिसच्या क्रॉइत्झर या व्हायोलिनवाल्याचं, ज्याने तो सोनाटा कधी वाजवलाच नाही. ब्रिजटॉवर १८६० मध्ये इथे लंडनलाच पेकममध्ये वारला, सोनाट्याला नाव राहिलं दुसऱ्याचंच. मला हे कायम खटकतं.

बरं आता वाजवण्याकडे. व्हायोलिनवाली आली, पियानोवाला आला, पियानोचं झाकण पूर्ण उघडं (अर्धं ठेवलं असतं तर मी तिथेच नाराज झाले असते), त्याने एक सूर दिला आणि तिने तारा लावल्या. इथे आपल्या लोकांनी जरा थांबून बघावं. पियानो सकाळी ट्यूनरने लावून ठेवलेला, दोनशेहून जास्त तारा, त्या आता हलणार नाहीत, आणि त्याचा गंधार आपल्या तानपुऱ्यातून ऐकू येतो त्यापेक्षा जरासा चढाच. व्हायोलिनला पडदेच नाहीत, ती कुठेही बोट ठेवू शकते. मग ती काय करते? पियानोच्या बरोबरीने एकच सूर धरायचा तर त्याच्यापाशी जाते, एकटी असली की आपल्या मनाप्रमाणे सूर थोडा चढवते. मींड नाही, श्रुती नाहीत म्हणून आपल्याकडे आकाशवाणीवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती, आणि इथे तोच झगडा दोन माणसं दर मिनिटाला सोडवत असतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

आणखी एक. तिच्यासमोर फक्त तिच्या व्हायोलिनची ओळ होती. पियानोवाल्याच्या प्रतीत मात्र त्याच्या दोन ओळींवर बारीक छापलेली तिचीही ओळ असते. म्हणजे ती काय करणार आहे हे त्याला कायम दिसत असतं, आणि तो काय करणार हे तिला कानाने नाहीतर पाठांतराने. आता सांगा बाबा, कोण कोणाला सांभाळतंय?

फ्रँकबद्दल तर वेगळी पोस्ट हवी, पण धीर निघत नाहीये. १८८६, फ्रँक त्रेसष्ट वर्षांचा, आणि हा सोनाटा त्याने अठ्ठावीस वर्षांच्या इझाई या व्हायोलिनवाल्याला लग्नाचा आहेर म्हणून दिला. काय आहेर आहे! आपल्याकडे त्या वेळेला माणूस फार तर तांब्याभांडं देतो. लग्नाच्या दिवशीच नवरदेवाने तो घाईघाईत बसवून पाहुण्यांना ऐकवला, पियानोवर लेओंतीन बोर्द-पेन. त्याच दोघांनी डिसेंबरात ब्रसेल्सच्या चित्रसंग्रहालयात जाहीर वाजवला, दुपारचा लांबलचक कार्यक्रम, हा सगळ्यात शेवटी, थंडीतला लवकर पडणारा काळोख, आणि चित्रांमुळे दिवा लावायला मनाई. पहिला भाग संपेतो कागद दिसेना. लोक उठायला तयार नाहीत. इझाईने गजाने स्टँडवर टकटक केलं, चला चला म्हणाला, आणि उरलेले तीन भाग दोघांनी अंधारात पाठ वाजवले. सगळे इझाईचं कौतुक करतात, पण माझं म्हणणं, त्या बाईंकडे बघा! फ्रँकचे पंजे राक्षसी होते आणि त्याने पियानोला लिहिलंय तेही आपल्याच हाताच्या मापाने, डावा हात कुठून कुठे उड्या मारतो, ते काळ्याकुट्ट खोलीत.

आणि पहिल्या भागात जी दुसरी धून येते, ती सबंध पियानोचीच, व्हायोलिनला ती एकदाही मिळत नाही. व्हायोलिनवाली नुसती उभी राहून ऐकते. परवा ती तशीच उभी होती, गज खाली, त्याच्याकडे बघत, आणि मला वाटलं हे फोटो काढून बाबांना पाठवावं. (फोटो काढायला बंदी आहे.) शेवटच्या भागात मग पियानो एक ओळ म्हणतो आणि व्हायोलिन एक माप मागून तीच म्हणत येतं, आधी तो, मागून ती. वारकऱ्यांच्या दिंडीत पुढच्याने म्हटलेलं मागचे उचलतात ना, तसं.

मध्ये टाळ्या नाहीत हा मात्र छळ आहे. भाग संपला की सगळे खोकतात, बास. माझ्या तोंडात आलेली "वाह" मी गिळते, शेजारच्या आजींनी एकदा वळून बघितलं होतं म्हणून.

घरी ऐकायचं असेल तर क्लारा हास्किल आणि आर्थर ग्रुमियो यांचे बीथोवनचे सोनाटे शोधा, १९५६-५७ मधलं रेकॉर्डिंग. हास्किल पियानोवाली पण व्हायोलिनही वाजवायची, ग्रुमियो व्हायोलिनवाला पण पियानोही येत होता, कधीकधी दोघं गंमत म्हणून वाद्यं बदलायचे म्हणे. म्हणजे साथ कोणाची हा प्रश्नच निकालात. १९६० च्या डिसेंबरात त्याच्याबरोबरच्या कार्यक्रमासाठी येताना ती ब्रसेल्सच्या स्टेशनवर जिन्यात पडली आणि त्यातच गेली. त्याच्या आधी ग्रुमियोने एका रेकॉर्डवर ब्राम्स आणि मोत्झार्टच्या सोनाट्यात दोन्ही वाद्यं स्वतःच वाजवली होती, एकावर एक रेकॉर्ड करून. ऐकली मी, सफाई जबरदस्त, पण मजा नाही आली, समोर भांडायला कोणी नाही ना!

आणि तिकीट काढणार असाल तर स्टेजकडे तोंड केल्यावर डावीकडच्या खुर्च्या घ्या, तिथून पियानोवाल्याचे हात दिसतात. उजवीकडच्या लोकांना नुसतं झाकण दिसतं, आणि मग ते घरी जाऊन सांगतात, साथीला पियानो होता.