कुसळीचं माळरान, १:३५ मध्ये

डायोरामात, म्हणजे छोट्या प्रतिकृतींनी उभ्या केलेल्या दृश्यात, सगळ्यात आधी खोटं पडतं ते गवत. गाडीचा बोल्ट न् बोल्ट जागेवर असतो, टायरवरचा चिखल ओला वाटतो, आणि शेजारी गुडघाभर गवत म्हणून एका उंचीत छाटलेला हिरवा पट्टा उभा असतो. तेवढ्यानं सगळं दृश्य खेळण्यातलं होऊन जातं. मला हे बरीच वर्षं खटकत होतं. म्हणून या खेपेला गवतच मुख्य धरलं आणि गाडी त्याच्या सोबतीला ठेवली.

दृश्य साधं ठरवलं: पुरंदर तालुक्यातलं माळरान, ऑक्टोबर संपत आलेला, आणि वाट सोडून गवतात उभी केलेली जुनी विलिस जीप. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं काढून टाकलेल्या जीपा आपल्याकडे ‘डिस्पोजलची जीप’ म्हणून कितीतरी गावांत फिरल्या. माझ्या काकांकडेही एक होती. तामिया या जपानी कंपनीचा १:३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, विलिसचा संच चांगला आहे, त्याबद्दल नव्यानं सांगण्यासारखं काही नाही. जीप जुळवली, रंगवली आणि खोक्यात ठेवून दिली. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

पहिलं काम माळावर जाऊन बसण्याचं. सासवडच्या पुढे डोंगरउतारावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं एकमेकांत मिसळून असतात. ट्रेकला गेलेल्यांच्या मोज्यांत घुसून बसतं ते कुसळ या कुसळीचंच. मी फूटपट्टी, वही आणि कॅमेरा घेऊन गेले आणि कॅमेरा अगदी जमिनीला टेकवून फोटो काढले. उभ्यानं काढलेल्या फोटोत गवताचा रंग कळतो, बांधणी कळत नाही. कुसळी ठोंबांनी वाढते. ठोंबाच्या बुडाशी गेल्या वर्षीची करडी, मेलेली पाती दाटून बसलेली असतात आणि त्यांच्यातून यंदाची पाती वर येतात. बुडखा दाट, मध्य विरळ, शेंडे एकमेकांत अडकलेले. दोन ठोंबांच्या मधे मुरूम उघडा दिसतो, एखादा काळा दगड डोकं काढतो. वाटेच्या कडेला गुरांनी खाल्लेलं आखूड गवत आणि वाटेपासून चार पावलं आत गेलं की पूर्ण उंची. अशा माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात याचं मला फार वाईट वाटतं. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांची घरं तिथे आहेत. या जमिनीत बघण्यासारखं किती आहे, हे ती लहान करून बनवायला बसल्यावर आणखी कळतं.

मोजमाप घेतलं. पातं साधारण साडेतीन मिलिमीटर रुंद, फुलोऱ्यासकट उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास. ३५ नं भागलं की पातं ०.१ मिलिमीटर आणि उंची २१ मिलिमीटर. या दोन आकड्यांनी पुढची निवड बरीचशी ठरवून टाकली. बाजारात लांब गवत म्हणून मिळणारे नायलॉनचे धागे बहुधा १२ मिलिमीटरचे असतात. १:८७ च्या मॉडेल रेल्वेला ते मीटरभर उंचीचे ठरतात, पण १:३५ मध्ये ते जेमतेम ४२ सेंटिमीटर भरतात, म्हणजे गुडघ्याच्याही खाली.

जमिनीसाठी दाट निळा फोम घेतला, त्याला उतार दिला आणि वर त्याच माळावरून आणलेला मुरूम पसरला. तो आधी तव्यावर चांगला भाजून घेतला, म्हणजे त्यातली किड्यांची अंडी मरतात, आणि मग मैद्याच्या चाळणीनं चाळला. बारीक सगळीकडे, जाड मोजक्या ठिकाणी. फेविकॉलमध्ये दुप्पट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून ड्रॉपरनं सोडलं की मुरूम जागच्या जागी बसतो. साबण नसेल तर पाणी मातीवर गोळे होऊन पळतं.

आखूड गवत, म्हणजे दोन ते चार मिलिमीटरचं, मी स्थिर विजेनं उभं केलं. त्यासाठी डास मारायची रॅकेट कामाला येते. तिच्या जाळीच्या दोन तारांपैकी एक लोखंडी गाळणीला आणि दुसरी ओल्या फेविकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला जोडायची. गाळणीत धागे भरून बटण दाबलं आणि हलक्या हातानं गाळणी हलवली की धागे विद्युतक्षेत्राच्या दिशेनं सरळ होतात आणि उभेच्या उभे गोंदात रुततात. फोम वीज वाहून नेत नाही, ओला गोंद नेतो. म्हणून गोंद सुकायच्या आत हे उरकावं लागतं. हवेचाही यात हात असतो. भर पावसाळ्यात धाग्यांचे गोळे होतात, आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते हट्टानं आडवे पडतात. अशा वेळी खोलीत ओला टॉवेल वाळत टाकला की फरक पडतो. एक गोष्ट कळकळीनं सांगते: बटण सोडल्यावरही रॅकेटमधल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. तारांना हात लावण्याआधी प्लॅस्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही टोकं जोडून ती उतरवून घ्यायची, आणि हे काम लहान मुलांच्या हाती अजिबात द्यायचं नाही.

उंच गवतासाठी काय काय चालतं ते छोट्या तुकड्यांवर करून पाहिलं. फरचं कापड लांबून छान दिसतं, पण त्याचे केस सगळीकडे सारखे दाट असतात. ठोंब नाहीत, मधली माती नाही, आणि चकाकी काही केल्या पूर्ण जात नाही. रंगाच्या जुन्या ब्रशचे डुकराचे केस मला आवडले. त्यांची टोकं निसर्गतःच फाटलेली आणि निमुळती असतात. मात्र ते ताठ असतात, त्यामुळे पाण्याकाठच्या बोरूला ते शोभतात. कुसळीला वाकणारं काहीतरी हवं होतं.

ते सुतळीत सापडलं. तागाचा सुटा धागा ०.१ मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, म्हणजे आपल्या हिशोबातलं पातंच. रविवार पेठेत दुकानदारांना मी म्हटलं, “काका, सगळ्यात ढिल्या पिळाची द्या, पॉलिश नसलेली.” त्यांनी विचारलं, “कशाला हवीय ताई? पोती शिवायची असतील तर ही तुटेल.” गवत करायचंय म्हटल्यावर त्यांनी आतून एक जुनं बंडल काढून दिलं. नळाच्या आट्यांना गुंडाळायचा ताग मिळाला तर आणखी बरं, कारण तो विंचरलेलाच असतो. अंबाडीचा वाख राठ असतो. तो १:२४ किंवा त्याहून मोठ्या कामाला ठेवावा.

सुतळी आहे तशी वापरता येत नाही. कातताना तागाला तेल लावतात, त्या तेलाचा वास येतो आणि त्यावर पाण्यातला रंग धरत नाही. मी वीतभर लांबीचे तुकडे केले, पीळ उलगडला आणि कपड्याच्या साबणाच्या पाण्यात उकळले. यानं तेल सुटतं आणि पिळाची नागमोड जाते. मग स्वच्छ पाण्यात खळबळून, ओलं असतानाच बारीक दातांच्या फणीनं विंचरून, टोकाला चिमटा लावून सावलीत लोंबत ठेवले. सुकल्यावर हातात येते ती सरळ, मऊ, सोनेरी बट.

रंग देतानाही ऋतूचा विचार लागतो. नवरात्रात कुसळीचा बुडखा हिरवा असतो आणि शेंड्याकडे तांबूसपणा उतरू लागतो. दिवाळीपर्यंत सगळा माळ तांबूस सोनेरी होतो, संक्रांतीला फिकट पिवळा आणि शिमग्याला करडा. मला दिवाळीच्या थोडं आधीचं गवत हवं होतं, म्हणून एकाच भांड्यात सगळं न बुडवता चार वेगवेगळ्या छटा केल्या: जुन्या पात्यांसाठी करडी, फिकट गवती, तांबूस तपकिरी आणि थोडी मळकी हिरवी. चहाच्या दाट पाण्यानं तपकिरी छान येते. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतो, पण उजेडात तो उडून जातो, तेव्हा टिकाऊ कामात हळद नको. हिरव्यासाठी मी कपड्यांचा रंग वापरला आणि त्यात चिमूटभर तपकिरी घातला, कारण माळावर निव्वळ हिरवं असं त्या दिवसांत काही उरत नाही.

आता शेंडे. कात्रीनं कापलेलं गवत कापलेलंच दिसतं. त्यामुळे वरच्या बाजूला कात्री लावायचीच नाही. बट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढली की धागे आपापल्या जागी सुटतात आणि टोकं लांबआखूड, निमुळती येतात. कात्री फक्त बुडाशी. चारही छटांमधले थोडे थोडे धागे एकत्र घेऊन, तळहातावर जरा चोळून, काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीची जुडी करायची. बुडाला फेविकॉल लावून ती सुकू द्यायची. प्रत्येक जुडीत छटांचं प्रमाण वेगळं ठेवलं की वेगवेगळ्या वयाचे ठोंब आपोआप होतात.

कुसळं करण्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. खऱ्या कुसळीच्या बीला लांब, गडद तपकिरी शूक, म्हणजे केसासारखे ताठ धागे, असतात आणि पिकल्यावर ते शेंड्याशी एकमेकांभोवती पिळे घेतात, इतके की तीन-चार काड्यांची टोकं एकाच वेणीत बांधल्यासारखी दिसतात. ओल मिळाली की शूक उलगडतात, सुकले की पुन्हा पिळतात, आणि याच वळण्या-उलगडण्यानं बी जमिनीत घुसतं. हा पीळ दाखवला नाही तर ते गवत कुसळी होत नाही, नुसतं गवत राहतं. मी काही जुड्यांमधून तीन-चार उंच धागे वेगळे काढले, अंगठा आणि तर्जनी पातळ फेविकॉलनं ओली केली आणि टोकाचे दोन-तीन मिलिमीटर एका दिशेनं वळले. सुकल्यावर त्या पिळाला गडद तपकिरी शाई अगदी बारीक ब्रशनं टेकवली. शाई धाग्यातून थोडी खाली उतरते आणि शेंड्यापासून देठापर्यंत रंग आपसूक फिका होत जातो. भिंगाखाली पाहिलं तर त्या पिळातून एखादा धागा सुटून बाजूला निघालेला असतो. तो तसाच ठेवला. सगळ्या जुड्यांना कुसळं लावली नाहीत. वाटेजवळ कमी, आतल्या भागात जास्त.

लावणी मागून पुढे केली, म्हणजे चिमट्याला जागा राहते. दाभणानं फोममध्ये तिरकं भोक पाडायचं, जुडी गोंदात बुडवून बसवायची, बुडाशी करड्या धाग्यांचा चुरा पेरायचा. भोकं सारख्या अंतरावर पाडायचा मोह हाताला सतत होतो. त्याला उपाय म्हणून मी माळावरचा एक फोटो समोर ठेवला आणि त्यातल्या ठोंबांच्या जागा पेन्सिलीनं फोमवर उतरवून घेतल्या. झुकाव एका बाजूला ठेवला, कारण पावसाळाभर वारा पश्चिमेकडून येतो आणि गवत त्याच कलानं वाढलेलं असतं. मात्र प्रत्येक ठोंब थोडा वेगळ्या कोनात. दोन ठोंबांमधली मुरमाची जागा मी निग्रहानं मोकळी सोडली. दाटी करून उंच गवत दाखवता येत नाही. मोकळ्या जागेमुळेच ठोंबाची उंची नजरेला कळते.

मग जीप. तिनं वाट सोडल्यापासून थांबेपर्यंत दोन चाकांच्या रेघा गवतातून यायला हव्यात. चाकाखाली आलेलं गवत गाडी गेली त्या दिशेनं आडवं होतं, म्हणून तिथले ठोंब ओल्या बोटानं जीपकडे निजवले आणि पातळ गोंदानं धरून ठेवले. दोन रेघांच्या मधलं गवत बंपरखालून गेलेलं, ते अर्धवट उठलेलं. समोरच्या बंपरला टेकून काही काड्या वाकलेल्या आणि एक-दोन काड्या पायदानाच्या वर आलेल्या. हे केल्यावर गाडी जमिनीवर ठेवलेली न वाटता जमिनीत आलेली वाटू लागली.

शेवटी एअरब्रशनं बुडाशी अगदी पातळ गडद तपकिरी आणि शेंड्यांवर वरून फिकट पिवळसर फवारा दिला. त्यावर मॅट वार्निश, दोन पातळ हात. तागाला स्वतःची चकाकी असते आणि ती मारली नाही तर दिव्याखाली गवत रेशमाचं दिसतं.

ताग वनस्पतीचा धागा असल्यानं आपल्या दमट हवेत त्याला बुरशी धरू शकते. वार्निशनं बरंच काम होतं, तरी मी हा डायोरामा ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवला आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. त्या गरम करून पुन्हा वापरता येतात. पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर हवी. धूळ बसलीच तर ब्रश फिरवू नये, कुसळं तुटतात. कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा पुरतो.