ब्रन्सविकचे प्राध्यापक, गेटिसबर्गचे कर्नल

जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन हे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले प्राध्यापक. त्यांच्या वाटेने जायचं असेल तर आधी मेन राज्यातलं ब्रन्सविक गाठा, पेनसिल्वेनियातली गेटिसबर्गची रणभूमी नंतर. आम्ही दोघं याच क्रमाने गेलो. मी आयुष्यभर कॉलेजात भाषा शिकवली, त्यामुळे रणांगणाआधी मला या माणसाचं कॉलेज पाहायचं होतं.

बॉस्टनहून ब्रन्सविकला 'डाउनईस्टर' ही रेल्वे जाते, साधारण साडेतीन तास लागतात. ती नॉर्थ स्टेशनवरून सुटते, न्यूयॉर्ककडची गाडी मात्र साउथ स्टेशनला जाते. न्यू जर्सीहून येणाऱ्यांनी एक थांबा आधी, बॅक बेला उतरून ऑरेंज लाइनने नॉर्थ स्टेशन गाठावं. गाड्या मोजक्याच आहेत. एका दिवसात जाऊन-येऊन होतं, पण फार धावपळ होते. एक रात्र मुक्काम कराच. गावात उतरल्यावर वाहन लागत नाही.

चेंबरलेनांचं घर मेन स्ट्रीटवर, 226 क्रमांकाचं. आता ते संग्रहालय आहे. हिवाळ्यात बंद असतं, आणि आत मार्गदर्शकाबरोबरच फिरवतात, म्हणून वेळा आधी पाहून निघा. घराची गोष्ट अजब आहे. कवी लाँगफेलो लग्नानंतर इथे राहत होते. चेंबरलेनांनी ते विकत घेतलं आणि 1871 मध्ये, बोडन कॉलेजचे अध्यक्ष झाल्यावर, अख्खं घर वर उचलून खाली नवा मजला बांधला. त्यामुळे जुनं घर आज वरच्या मजल्यावर आहे. गुडघे दुखत असतील तर जिन्याची तयारी ठेवा. धुराड्यावर रंगवलेला क्रूस रस्त्यावरूनच दिसतो. तो त्यांच्या पाचव्या कोअरचं, म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागाचं, चिन्ह.

या माणसाला लहानपणी तोतरेपणाचा त्रास होता. ब, प, ट ही अक्षरं अडायची. लयीच्या ओघात ती अक्षरं ओलांडायला ते शिकले आणि पुढे त्याच कॉलेजात वक्तृत्वशास्त्र आणि आधुनिक भाषा शिकवू लागले. 1862 मध्ये कॉलेजने त्यांना युरोपात अभ्यासासाठी रजा दिली. ते गेले सैन्यात. गव्हर्नरांनी थेट कर्नलपद देऊ केलं, तर आधी शिकतो म्हणून त्यांनी एक पायरी खालचं पद मागून घेतलं. ही गोष्ट मला सगळ्या पराक्रमांहून मोठी वाटते.

समोरच फर्स्ट पॅरिश चर्च. इथेच 1855 मध्ये त्यांचं आणि फॅनी अ‍ॅडम्सचं लग्न झालं. युद्धानंतर हा संसार घटस्फोटाच्या बोलण्यापर्यंत गेला होता; पुढे तो सावरला. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला जून 1864 मध्ये गोळी कंबरेतून आरपार गेली, तेव्हा तलवार जमिनीत रोवून ते उभे राहिले. ते जगणार नाहीत असं समजून उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांनी त्यांना तिथेच ब्रिगेडियर जनरल केलं. वर्तमानपत्रांत मृत्यूची बातमीही छापून आली. ते वारले 1914 मध्ये, आणि तेही त्याच जखमेपायी. पन्नास वर्षं ती जखम बाळगत ते चार वेळा मेनचे गव्हर्नर झाले आणि बारा वर्षं कॉलेज चालवलं.

घरातल्या संग्रहालयात त्यांचं सन्मानपदक (मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक) पाहायला विसरू नका. 1893 मध्ये मिळालेलं हे पदक मॅसॅच्युसेट्समधल्या एका चर्चच्या विक्रीत घेतलेल्या पुस्तकात सापडलं आणि 2013 मध्ये इथे पोचलं.

घरातून निघून कॉलेजच्या आवारातून पाइन ग्रोव्ह दफनभूमीपर्यंत चालत जा. थडगं अगदी साधं आहे, घाईत असाल तर ओलांडून पुढे जाल.

गेटिसबर्गला रेल्वे नाही, गाडीच हवी. न्यू जर्सीतल्या एडिसनहून साधारण तीन तास. रणभूमीवर प्रवेशशुल्क नाही. लिटल राउंड टॉप या टेकडीवर सकाळी लवकर पोचा, गाडी लावायला जागा कमी आहे. गर्दी माथ्यावर थांबते, दृश्य तिथून छान दिसतं म्हणून. चेंबरलेनांच्या विसाव्या मेन रेजिमेंटचं (पलटणीचं) स्मारक मात्र माथ्यावर नाही. दक्षिणेच्या उतारावर, झाडीत आहे. पाट्या पाहत खाली उतरा. पाय झाकणारी पँट घाला, कारण गवतात टिक नावाच्या गोचिडी असतात.

2 जुलै 1863 ला उत्तरेच्या सैन्याची डावी बाजू इथे संपत होती. चेंबरलेनांच्या पलटणीत सव्वाशेच्या आसपास माणसं अशी होती, ज्यांनी महिनाभर आधी लढायला नकार दिला होता. त्यांनी ऐकलं नाही तर गोळ्या घालण्याची मुभा होती. चेंबरलेनांनी त्यांना आधी जेवण दिलं, मग त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. बहुतेकांनी बंदूक परत उचलली. काडतुसं संपत आली तेव्हा संगिनी लावून पलटण उतारावरून सुटली, दार बिजागरीवर फिरावं तशी वळत. शिक्षक म्हणून मला एक गोष्ट सलते: हेच गृहस्थ 1874 मध्ये, विद्यार्थ्यांनी लष्करी कवायतीला नकार दिल्यावर, त्यांना घरी पाठवून मोकळे झाले. पोरं परत आली, पण कवायत शेवटी ऐच्छिक करावी लागली.

स्मारकावरचे आकडे उभं राहून वाचा. 358 लढले, 38 मेले किंवा जखमांनी दगावले, 93 जखमी, 308 कैदी पकडले. दगावलेल्यांची नावंही कोरलेली आहेत. चेंबरलेनांचा पुतळा इथे नाही.

मग आणखी खाली, जिथून दक्षिणेची पंधरावी अलाबामा पलटण चढून आली तिथे जा. पाण्याची बाटली जवळ असू द्या. ती माणसं त्या दिवशी वीसेक मैल चालून आली होती आणि पाणी भरायला पाठवलेले सैनिक वाटेत पकडले गेले होते. त्यांचे कर्नल विल्यम ओट्स यांचा भाऊ जॉन याच उतारावर पडला. म्हातारपणी ओट्सनी भावासाठी आणि पलटणीसाठी इथे दगड उभारायची परवानगी मागितली. जागेवरून चेंबरलेनांनीच हरकत घेतली. दगड उभा राहिला नाही, तुम्हाला तिथे फक्त खडक आणि झाडं दिसतील.